जिप्सी ठेवायची का विकायची? एक पावसाळा दोन्ही गाड्या चालवून बघितलं त्याचं सांगतो

आमच्या घरात दोन गाड्या आहेत. एक 2009 ची मारुती जिप्सी किंग, सॉफ्ट टॉप, बाबांनी शेताच्या नावाखाली घेतलेली, आणि दुसरी 2023 ची टाटा पंच, पेट्रोल मॅन्युअल, मी लोन काढून घेतलेली. घर बेळगावात टिळकवाडीत, शेत जांबोटीच्या पुढं आत, भाताचे तुकडे आणि वरच्या अंगाला थोडी काजूची बाग, त्यामुळं पिरनवाडी, किणये, कुसमळी असं करत तिकडं सारखं जायला लागतंय. 2024 च्या सप्टेंबरात जिप्सीची पंधरा वर्षं भरणार होती, म्हणजे आरसी रिन्यू करा नाहीतर गाडी विका, आणि घरात पार्ट्या पडल्या. बायको म्हणाली एक गाडी पुरे, दारात जागा कुठं आहे. आई कुणाच्याच बाजूनं नव्हती, तिला फक्त जिप्सीत बसायचं नव्हतं. बाबा काहीच बोलले नाहीत पण रोज सकाळी उठून जिप्सी पुसायला लागले, त्यावरनं काय ते समजायचं.

मी म्हणलं भांडण नको, पावसाळा तोंडावर आलाय, मिरगापासनं गणपतीपर्यंत दोन्ही गाड्या त्याच रस्त्यावर आलटून पालटून नेतो आणि मग बोलू. खानापूर, चंदगड भागात बऱ्याच घरांत अजून जुनी जिप्सी नाहीतर महिंद्राची जीप उभी आहे, त्यांना उपयोग होईल म्हणून लिहितोय.

आधी कागदावरचं उरकून घेऊ. जिप्सीचं इंजिन 1298 सीसी आणि 80 हॉर्सपॉवर, पंचचं 1199 सीसी, तीन सिलिंडरचं, पॉवर 86 च्या आसपास. म्हणजे ताकदीत फरक म्हणावा असा नाहीच. ग्राउंड क्लिअरन्स जिप्सीला 210 मिलिमीटर, पंचला 187, आणि हा फरक पण लोक गप्पांत सांगतात तेवढा मोठा नाही. थर्ड पार्टी इन्शुरन्सला तर दोन्ही एकाच स्लॅबमध्ये, 1000 ते 1500 सीसी. ज्या आकड्याकडं कुणी बघत नाही तो म्हणजे रुंदी, जिप्सी 1540 मिलिमीटर आणि पंच 1742. वीस सेंटिमीटरचा फरक. शोरूममध्ये हे काहीच वाटत नाही, उलट पंच आतून ऐसपैस वाटते म्हणून आपण खूश होतो. त्यावर पुढं येतोच.

पहिलं शहर आणि डांबरी रस्ता. इथं स्पर्धाच नाही, उगाच जुन्याचं कौतुक करायला जाऊ नये. जिप्सीला पॉवर स्टिअरिंग नाही, गोवावेसला गर्दीत गाडी वळवून लावायची म्हणजे दोन्ही दंड भरून येतात. एसी नाही, त्यामुळं पावसात आतून काच धरते आणि एका हातानं फडकं मारत गाडी चालवायची. मागं समोरासमोर आडव्या सीटा, आईला त्यात बसून प्रत्येक खड्ड्याला वरच्या पाइपाला डोकं आपटायची भीती. चारी बाजूला पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांचे स्प्रिंग, त्यामुळं स्पीडब्रेकर मोजायला काउंटर लागत नाही, कंबरच मोजते. कोल्हापूरला जाताना हायवेवर ऐंशीच्या वर गेलं की टपाचं कापड फडफडायला लागतं आणि शेजारनं लक्झरी बस गेली की गाडी हलते ते हातात जाणवतं. पंचमध्ये त्याच रस्त्यावर आई झोपते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे सेफ्टी, पंचला 2021 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये मोठ्या माणसांसाठी पाच स्टार मिळालेत, एअरबॅग आहेत, एबीएस आहे, लहान पोराची सीट लावायला आयसोफिक्स आहे. जिप्सीत यातलं एक पण नाही, मागच्या सीटांना धड बेल्ट नाहीत. मुलीला घेऊन हायवेला जिप्सी न्यायची नाही हे तर पावसाळ्याच्या आधीच ठरलेलं होतं, त्यात चर्चा नव्हती.

चोर्ला घाटात पण तेच. कणकुंबीच्या पुढं जुलैत धुकं असं असतं की समोरच्या टिप्परची मागची लाइटच काय ती दिसते, तिथं पंचचा डिफॉगर, फॉग लॅम्प आणि नीट चालणारे वायपर हे जिप्सीच्या फोर बाय फोरपेक्षा, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना देण्यापेक्षा, जास्त कामाचे. (गोव्यात उतरलं की साखळीला टाकी फुल्ल करून घ्यायची हे तर बेळगावकराला सांगायला नको, तिथं पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त.)

आता शेत. जांबोटी सोडलं की डांबर आहे थोडं, मग खडीचा रस्ता, आणि शेवटी आमच्या शिवारात जाणारी पाणंद. पाणंदीला दोन्ही बाजूला जांभ्या दगडाचा गडगा, बैलगाडीच्या मापानं घातलेला. उन्हाळ्यात पंच आरामात जात होती पण नट्टीच्या, म्हणजे भात लावणीच्या, दिवसांत गडग्याच्या कडेला माती खचून ढिगारे पडलेले असतात, मधला रस्ता अजून बारीक होतो, आणि एके ठिकाणी पंचचे आरसे मिटून बायकोला खाली उतरवून "अजून चार बोटं, अजून दोन बोटं" असं करत न्यायला लागली. जिप्सी तिथनं गिअरसुद्धा न बदलता जाते. फोर बाय फोरचा इथं काही संबंध नाही, गाडी बारीक आहे एवढंच.

पाणंद संपली की एक चढ आहे, तांबडी माती, खाली कठीण वर चिकट. तरणा पाऊस, म्हणजे पुनर्वसू नक्षत्राचा, चालू होता. पंच पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, चढाला वजन मागं जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि तिथंच फिरत राहतात. अर्ध्यावर जाऊन थांबली. टायर कंपनीचेच, रस्त्याचे, त्यांच्या नक्षीत माती भरली की टायर गुळगुळीत, मग कुठली पण गाडी असू दे. तात्या, म्हणजे माझे चुलते, डोकीवर इरलं घेऊन बांधावर उभे होते, म्हणाले, "कशाला गा ही खेळणी घेऊन आलास शेतात." मी खाली घेतली, वळवली आणि रिव्हर्समध्ये चढवली. रिव्हर्सला पुढची चाकं उताराच्या बाजूला येतात, वजन त्यांच्यावरच पडतं, त्यामुळं पकड मिळते. चढली की. तात्यांनी इरलं मागं सारून बघितलं आणि म्हणाले, "आता जाताना तोंड पुढं करून जा म्हणजे झालं."

त्यांनी चेष्टेत म्हणलं पण खरी अडचण नेमकी तिथंच होती, आणि पावसाळाभर फिरून माझ्या हाताला लागलेली गोष्ट ती एकच. फोर बाय फोर म्हणलं की सगळे चढायचं बोलतात. चढ तर काय, नाही चढली तर गाडी थांबते, तू उतरून चालत जा. उताराला गाडी थांबत नाही.

त्याच चढावरनं संध्याकाळी पंच घेऊन उतरताना पहिला गिअर टाकला, क्लचवरनं पाय काढला, तरी गाडी मला पाहिजे त्याच्यापेक्षा जोरातच निघाली. ब्रेकवर पाय ठेवला की पायाखाली एबीएसची टरटर, आणि गाडी आपली चाललेलीच. एबीएसचा दोष नाही, चाक लॉक होऊ द्यायचं नाही हेच त्याचं काम, पण सैल मातीत चाक लॉक झालं तर त्याच्या पुढं मातीचा ढीग साठून गाडी थांबायला मदत होते आणि एबीएस तो ढीग साठूच देत नाही. डांबरावर जे जीव वाचवतं तेच इथं अंतर वाढवतं. शिवाय इंजिन जे काही धरून ठेवतंय ते फक्त पुढच्या दोन चाकांना, मागची दोन मोकळी, त्यामुळं ढुंगण आडवं व्हायला बघतं. खाली वळणावर ओढा आहे. पंच मी तिथनं सुखरूप उतरवली पण हात घामेजले होते हे खरं.

दुसऱ्या खेपेला त्याच उताराला, त्याच पावसात जिप्सी. वर थांबलो, उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मधल्या हबवरचा चिखल अंगठ्यानं पुसला, आतला नॉब फ्रीवरनं लॉकवर फिरवला, डावीकडचा नेहमीप्रमाणं अडकला, त्याला पक्कड लावली. मग गाडीत बसून छोटा दांडा फोर-एल ला (चारी चाकं, लो गिअर) टाकला, मोठा दांडा पहिल्या गिअरला, आणि दोन्ही पाय मागं घेऊन मांडी घातल्यासारखा बसलो. ना ब्रेक ना ॲक्सिलरेटर. इंजिन गुरगुरत चारी चाकांना धरून ठेवतं आणि गाडी माणूस चालतो त्याच्यापेक्षा पण सावकाश उतरते. मागं खताची पोती होती, ती हलली पण नाहीत. बाजूला तात्या बसले होते, ते तंबाखू मळत होते, त्यांना काही विशेष घडतंय असं वाटलंच नाही.

म्हणजे मला जिप्सीतलं जे पाहिजे होतं ते चार चाकांची ओढ हे अर्धंच, उरलेलं अर्धं तो लो गिअर. आजकाल एसयूव्ही नावानं ज्या गाड्या येतात त्यातल्या बहुतेकांना फोर व्हील ड्राइव्हच नसतं, आणि ज्यांना ऑल व्हील ड्राइव्ह असतं त्यातल्या पण बऱ्याचशांना लो रेंज, म्हणजे हा लो गिअर, नसतं. घेणाऱ्यानं हे विचारून घ्यावं, सेल्समनला माहीत असेलच असं नाही.

आता फोर बाय फोरवाल्यांचे गैरसमज. जिप्सीचं फोर व्हील ड्राइव्ह पार्ट टाइम आहे, मधे डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअर) नाही, फोर-एच ला (चारी चाकं, नेहमीचा गिअर) टाकली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधला जातो. वळताना पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर कापतात, चिखलात चाक घसरून तो फरक निघून जातो पण कोरड्या डांबरावर जायला जागाच नसते, मग स्टिअरिंग जड होतं, टायर घासतात आणि दांडा असा अडकतो की निघता निघत नाही. माझा चुलतभाऊ "पाऊस आहे, रोड घसरडा आहे" म्हणत फोर-एच मध्येच जांबोटीपासनं किणयेपर्यंत घेऊन आला होता, बाबा त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. आणि त्याच भावानं एकदा हब लॉक न करताच दांडा टाकला आणि "फोर बाय फोर चालत नाही" म्हणून फोन केला. हब फ्री असले तर आतला शाफ्ट फिरतो, चाकाला काही कळतच नाही. दुसरं, जिप्सीच्या दोन्ही डिफरन्शियल साध्या आहेत, तिरक्या खड्ड्यात पुढचं एक आणि मागचं त्याच्या विरुद्ध बाजूचं एक चाक उचललं गेलं की ती दोनच हवेत फिरत राहतात आणि चार चाकांची गाडी जागेवर उभी. पाटे ताठ असल्यामुळं जिप्सीचं हे लवकर होतं. तेव्हा ट्रॅक्टरला हाक मारायची, लाजायचं नाही. टायरचं पण तसंच, जिप्सीला खरबरीत मोठ्या नक्षीचे टायर आहेत, निम्मं काम तेच करतात, त्यामुळं माझी ही तुलना शंभर टक्के सरळ नाही हे मान्य.

खर्चाचं बोलू. जिप्सी लिटरला दहा, कधी त्याच्या पण खाली. पंच आमच्या मिसळ रस्त्यावर सोळाच्या वर देते. ई20 (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलला पंच तयार होऊन आलीय, जिप्सी त्या काळची नाही, म्हणून पेट्रोलच्या जुन्या रबरी पायपा मी सगळ्या बदलून टाकल्या. सर्व्हिसला मात्र उलटं आहे. पंच शेतात एक रात्र राहिली आणि उंदरानं बॉनेटखाली वायरिंग कुरतडलं, डॅशबोर्डवर पिवळा दिवा, सर्व्हिस सेंटरला टो करून न्यायला लागली आणि हार्नेसचं बिल बघून मी गप्प बसलो. (तेव्हापासनं बॉनेटखाली तंबाखूची पुडी ठेवतो, उपयोग होतो का देव जाणे.) जिप्सीचं काय मोडलं तर ते हातानं दिसतं. मागच्या पाट्याच्या शॅकलचे बुश गेले होते, एका बाजूचे तयार बाजारात मिळाले, दुसऱ्या बाजूचं भोक झिजून मोठं झालेलं, तर मेस्त्रीनं माप घेतलं आणि उद्यमबागेत एका लेथवाल्याकडनं दुपारपर्यंत वळवून आणलं. ज्या गावात भट्टी आणि लेथ गल्लोगल्ली आहे तिथं जुनी गाडी सांभाळणं सोपं जातं, हे बेळगावचं सुख. आणि कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर असल्यामुळं हिरव्या जिप्स्या बघतच आम्ही मोठे झालो, त्या गाडीत हात घातलेले मेस्त्री पण इथं अजून आहेत.

मधल्या काळात सल्ले भरपूर आले. "दोन्ही विकून जिम्नी घे" हा सगळ्यांचा आवडता. जिम्नी चांगलीच आहे, लो रेंज आहे, एअरबॅग आहेत, पण 2023 मध्ये ती आली तेव्हाच शोरूम किंमत पावणेतेरा लाखांपासनं सुरू होती, आणि आपल्या कर्नाटकात दहा लाखांच्या वर गेलं की लाइफटाइम टॅक्स 17 टक्के, वर सेस वेगळा. एवढी महाग गाडी मी गडग्याला घासणार नाही, आणि घासायची नसेल तर ती घेऊन करू काय. कोल्हापूरकडचा एक जण जिप्सी बघायला आला होता, मोठे टायर आणि विंच लावून ऑफरोडिंगला पाहिजे म्हणाला. 2019 च्या सुमारास तिची विक्री बंद झाली, त्यामुळं चांगल्या जिप्सीला गिऱ्हाईक आहे. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून बायकोनं माझ्याकडं बघितलं, बाबांनी त्याला चहा दिला आणि गाडी विकायची नाही म्हणून परस्पर सांगून टाकलं. अजून माझं ठरलं नव्हतं! पण त्या दोन उतारांनी ठरवलंच होतं म्हणायचं.

मग रिन्युअल. खासगी गाडीची आरसी पंधरा वर्षांची, नंतर पाच पाच वर्षांनी वाढवायची. कारची ही फी आधी 600 होती, 2022 च्या एप्रिलपासनं 5,000 झाली. त्याच्या जोडीला ग्रीन टॅक्स, चालू इन्शुरन्स, एमिशनचं सर्टिफिकेट, आणि 2019 च्या एप्रिलआधीची गाडी असली तर कर्नाटकात एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी, नंबर प्लेट लावून घ्यावी लागते. मुदत संपायच्या आधी 60 दिवसांपासनं अर्ज करता येतो, फॉर्म 25. मी ऑगस्टातच धरलं. मेस्त्रीनं हेडलाइट, इंडिकेटर, हँडब्रेक, हॉर्न असं सगळं चालू करून दिलं. हँडब्रेक गेली कित्येक वर्षं नव्हताच, चाकाखाली दगड हाच हँडब्रेक.

इन्स्पेक्शनला गाडी उभी केली. साहेबांनी लाइट बघितल्या, ब्रेक बघितला आणि चेसिस नंबर कुठं म्हणून वाकले. फ्रेमवर पंधरा पावसाळ्यांचा गंज आणि त्यावर बाबांनी मायेनं मारलेला काळा पेंट. "नंबर काणंगिल्लरी," म्हणाले, सरळ होऊन पुढच्या गाडीकडं गेले. त्यांचं बरोबरच होतं, नंबर न दिसता सही कशावर करणार. बाहेर एका पोराकडं तारेचा ब्रश आणि बाटलीत डिझेल तयारच असतं, त्याचा तोच धंदा. तो गाडीखाली आडवा झाला, डिझेल शिंपडून घासलं, पुसलं, परत घासलं, आधी नुसती तांबडी चकाकी दिसली, मग एक आकडा, मग त्याच्या शेजारचा. मधले दोन काही केल्या उठेनात. त्यानं खडूची पूड चोळली, फडक्यानं अलगद पुसली, आणि खाचेत बसलेल्या पांढऱ्यानं नंबर सगळा वाचता आला. त्यावर कागद धरून पेन्सिल फिरवली आणि प्रिंट काढून दिली. साहेबांनी आरसीशी एक एक आकडा जुळवून बघितला आणि मान हलवली. बाबा गाडीच्या पलीकडं उभे राहून हे सगळं असं बघत होते जसं आत ऑपरेशन चाललंय.

आता वाटणी अशी आहे. शाळा, बाजार, कोल्हापूर, गोवा, पाहुणे, दवाखाना हे सगळं पंचचं, जिप्सी त्यात येत नाही, आईची पण अट तीच. जिप्सी मिरगाच्या आधी जांबोटीला तात्यांच्या शेडमध्ये जाते आणि भात घरात आलं की परत येते, म्हणजे दारात जागा नाही ही तक्रार पण निम्मी मिटली. आम्ही पंच घेऊन तात्यांच्या दारापर्यंत जायचं आणि तिथनं पुढं जिप्सी. ज्यांचं शेत रस्त्याला लागून आहे, खानापूर रोडला किंवा येळ्ळूरच्या काळ्या सपाट रानात, त्यांनी डोळे झाकून नवी छोटी गाडी ठेवावी आणि जुनी द्यावी. काळ्या रानात पाऊस पडला की जिप्सी पण जात नाही, तिथं ट्रॅक्टरच. ज्यांचा रस्ता आमच्यासारखा डोंगराच्या अंगानं उतरतो त्यांनी विकायच्या आधी एकदा भर पावसात दोन्ही गाड्या घेऊन खाली उतरून बघावं.

आरसी 2029 पर्यंत झाली. तेव्हा गाडी वीस वर्षांची होणार, आणि वीस वर्षांवरच्या कारची रिन्युअल फी 2025 च्या ऑगस्टमध्ये 10,000 केलीय, त्यामुळं त्या वर्षी बायको परत हा विषय काढणार हे नक्की. सध्या डाव्या हबचा नॉब उघडून साफ करायचा राहिलाय.